भाड्यात झीज धरा

रस्ता सुरक्षा अभियानाच्या निमित्ताने आमच्या भागात एक कार्यक्रम झाला. फलक, हारतुरे, चहा-बिस्किटे सगळे होते. आम्हा टेम्पोवाल्यांना मुद्दाम बोलावून पुढच्या सतरंजीवर बसवले होते. व्यासपीठावरचे एक साहेब बोलायला उभे राहिले. म्हणाले, "गाडी ही लक्ष्मी आहे. पण तुम्ही लोक तिची निगा राखत नाही. टायर गोटा होईस्तोवर चालवता, ब्रेक बघत नाही, नको तेवढा माल भरता, झोप घेत नाही आणि मग लोकांचे जीव घेता." टाळ्या पडल्या. आम्हीही वाजवल्या. सतरंजीवर बसलेल्या माणसाला टाळी वाजवावीच लागते.

नंतर चौकात चहा पिताना आमच्यातला एकजण म्हणाला, "बोलला ते खोटं नव्हतं रे." खरेच आहे. आमचे टायर गोटा आहेत. आमच्यातल्या कितीतरी गाड्यांचे लायनर संपले आहेत. आम्ही झोप मारून गाडी चालवतो. साहेबांच्या आरोपातले एकही वाक्य आम्हाला नाकारायचे नाही. आमचे भांडण 'तुम्ही लोक' या दोन शब्दांशी आहे. हे दोन शब्द आम्ही दोन्ही कानांनी ऐकत आलो, एका कानाने ड्रायव्हर म्हणून आणि दुसऱ्या कानाने मुसलमान म्हणून. दोन्हीकडे सूर तोच असतो. दोष तुमच्या स्वभावात आहे, रक्तात आहे, बाकी कुठेही नाही!

तो दोष कुठे आहे ते आम्ही सांगतो. तो भाड्यात आहे.

आम्ही कोण, ते आधी सांगायला हवे. मोरगाव म्हणजे अष्टविनायकांतले पहिले गाव. मयूरेश्वराच्या देवळाला चार कोपऱ्यांवर चार मिनार आहेत. परगावचे भाविक ते बघून चकित होतात. मग कोणीतरी त्यांना सांगतो, की परचक्राच्या काळात देऊळ लांबून मशिदीसारखे दिसावे म्हणून असे बांधले. त्यातले खरे-खोटे इतिहासकारांनी बघावे. रात्रभर जागून पुण्याहून परतताना ते मिनार दिसले, की घर आले एवढेच आम्हाला कळते. देवळाच्या जिवावर गाव चालते आणि गावाच्या जिवावर आमची गाडी. चतुर्थीचे नारळ, पेढ्यांचा खवा, हारांची फुले, भाद्रपदात आणि माघात चिंचवडहून मोरया गोसावींची पालखी येते तेव्हाचा मांडव, यातले बरेचसे आमच्या हौद्यातून येते. काचेवर ७८६ आणि हौद्यात गणपतीचे नारळ, यात गावातल्या कोणाला कधी काही वावगे वाटले नाही.

बारामती म्हटले की बाहेरच्यांच्या डोळ्यांपुढे ऊस, कालवे, साखर कारखाने आणि एमआयडीसी येते. नीरा डाव्या कालव्याची ती हिरवी बाजू आमची नव्हे. मोरगाव-सुपे हा जिरायती पट्टा. इथे बाजरी, कांदा, दूध आणि नशिबाने पाऊस झाला तर भाजीपाला. आमच्या बापजाद्यांत कोणी मुलाणी, कोणी पिंजारी, कोणी आतार, कोणी तांबोळी. मुलाण्याचे बलुते गेले. गादीच्या दुकानांनी पिंजाऱ्याची धनुकली खुंटीला टांगली. टांगेवाल्याचा टांगा एसटीने आणि वडापने खाल्ला. जमीन नव्हतीच. मग राहिली गाडी. टेम्पो हा शब्दसुद्धा परदेशी. हॅम्बुर्गच्या एका कंपनीच्या गाडीचे ते नाव. १९५८ मध्ये बजाज टेम्पो कंपनी निघाली आणि ती तीनचाकी आपल्याकडे बनू लागली. २००५ मध्ये कंपनीने नाव बदलून फोर्स केले, तरी महाराष्ट्राच्या तोंडचा 'टेम्पो' गेला नाही. त्याच वर्षी मे महिन्यात टाटांची एस आली. सातशे दोन सीसीचे, दोन सिलिंडरचे इंजिन, सोळा अश्वशक्ती. लोकांनी तिला 'छोटा हत्ती' म्हटले. इकडे बारामतीच्या एमआयडीसीत पियाजिओची ॲपे बनत होतीच. म्हणजे आमच्याच तालुक्यात गाड्या तयार होतात. त्या चालवणाऱ्याचे पोट मात्र कुठल्याच कारखान्यात तयार होत नाही.

आता हिशेब मांडतो. साहित्याच्या अंकात पैशाचा हिशेब कशाला, असे कोणाला वाटेल. पण आमचे सगळे रडगाणे त्या हिशेबातच आहे आणि तो आजवर कोणी कागदावर धरलेला नाही.

मोरगावहून जेजुरी, सासवड, दिवे घाट करून गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जायचे आणि रिकामे परत यायचे. सगळे मिळून धरा एकशे तीस किलोमीटर. छोटी गाडी भरल्या मालाने सोळाची सरासरी देते. म्हणजे आठ लिटरच्या वर डिझेल, नव्वद-एक्याण्णवच्या भावाने सातशे चाळीस रुपये. शेतकऱ्याला, व्यापाऱ्याला आणि आम्हालाही खर्च दिसतो तो एवढाच. बाकीचा खर्च दिसत नाही म्हणून तो नाही, असा आपल्या सगळ्यांचा समज आहे.

चार टायर चौदा हजारांचे. आमच्या रस्त्यांवर आणि आमच्या वजनाने ते पस्तीस हजार किलोमीटर गेले तर अल्लाचे शुक्र. एका खेपेला बावन्न रुपयांचे रबर रस्त्यावर सांडते. थर्ड पार्टी विमा पाहा. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीला १ जून २०२२ च्या दराने वर्षाला १६,०४९ रुपये, कर वेगळा. हजार सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीला त्याच दरपत्रकात २,०९४ रुपये आहेत. आमची सातशे सीसीची गाडी बंगल्यासमोर उभ्या असलेल्या मोटारीच्या साडेसातपट विमा भरते. वर्षाला दोनशे खेपा मिळाल्या तर खेपेला ऐंशी रुपये. ऑईल, फिल्टर, लायनर, क्लचप्लेट, कमानपाटे, बॅटरी, बेअरिंग, ग्रीसिंग, पंक्चर यांचे वर्षाचे वीस हजार कसेही करून होतातच, म्हणजे खेपेला शंभर. फायनान्सचा हप्ता महिन्याला नऊ हजार, खेपेला पाचशे चाळीस. बेरीज झाली पंधराशे बारा. पासिंग, टॅक्स, चहा आणि ज्याला सगळा महाराष्ट्र 'एंट्री' म्हणून ओळखतो तो खर्च आम्ही अजून धरलेलाच नाही.

भाडे मिळते अठराशे.

संध्याकाळी पाचला गाडी शेतावर लागते. भरून निघेपर्यंत नऊ. यार्डात बारा-एक. लिलाव पहाटे. गाडी खाली होऊन घरी यायला सकाळचे सात. चौदा तासांचे उरले दोनशे अठ्ठ्याऐंशी रुपये. तासाला वीस रुपये. तेही ज्या दिवशी भाडे आहे त्या दिवसाचे. आणि हे वीस रुपये मजुरी आहे, नफा आहे, की दवाखान्याची तरतूद आहे, ते आम्हाला कोणी सांगितलेले नाही.

कारखान्याच्या ताळेबंदात घसारा नावाचा एक रकाना असतो. यंत्र दरवर्षी थोडे झिजते, तेवढे नफ्यातून आधी बाजूला काढायचे, ही साधी गोष्ट. साखर कारखान्याचा रोलर झिजतो तर तो साखरेच्या किमतीत धरला जातो. आमचा क्लच झिजला तर तो कोणाच्या किमतीत धरायचा? नारळाच्या नाही, कांद्याच्याही नाही. तो धरला जातो थोरल्या पोरीच्या फीमध्ये. बायकोच्या दाताच्या औषधात. आईच्या मोतीबिंदूला 'पुढच्या वर्षी बघू' म्हणण्यात. साहेब म्हणतात निगा राखत नाही. अहो, निगा राखतो की! कोणाची तरी निगा काढून गाडीला लावतो आणि जेव्हा काढायला घरात काही उरत नाही तेव्हा लायनर पुढच्या महिन्यावर जातो. त्या महिन्यात दिवे घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवला की घशात काय येते, हे सतरंजीवरच्यांना ठाऊक आहे, व्यासपीठावरच्यांना नाही.

यात आमचा रोख शेतकऱ्यावर नाही. कांद्याची पट्टी हातात पडते तेव्हा त्यात हमाली, तोलाई, मोटारभाडे वजा होऊन जे राहते ते बघून तोही आमच्यासारखाच गप्प होतो. दोन उपाशी माणसे एका भाकरीवरून घासाघीस करतात, तशी आमची आणि त्याची घासाघीस चालते. पण डिझेलचा भाव १६ जून २०१७ पासून रोज सकाळी सहाला बदलू शकतो. आमचे भाडे रोज सोडा, वर्षातही बदलत नाही. व्यापारी नवा दर ऐकला की म्हणतो, "भाई, दुसरी गाडी आहे." आणि दुसरी गाडी असतेच. ती आमच्याच चुलत्याच्या पोराची असते.

मालाचेही तसेच. गाडी पाऊण टनाची. भाडे खेपेवर ठरते, मग भरणारा पंचवीस पोती टाकतो. पन्नास किलोचे पोते धरा, सव्वा टन होतो. "बसतंय की अजून," हे वाक्य आम्ही जन्मभर ऐकले. कमानपाटा उलटा होतो, चेसिसला केसाएवढी चीर पडते, वेल्डिंगवाला वर पट्टी मारतो. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीने जादा मालाला वीस हजार दंड आणि वरच्या प्रत्येक टनाला आणखी दोन हजार ठरले. कलम नीट वाचा. त्यात गाडी चालवणारा दोषी आहे, तसा चालवायला लावणारा आणि चालवू देणाराही दोषी आहे. चालवायला लावणाऱ्याच्या नावाने फाटलेली पावती आम्ही अजून पाहिलेली नाही.

झोपेचा कायदाही आहे बरे का! १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम ठरवले, पाच तासांनंतर अर्धा तास विसावा दिला. पण लागू कोणाला? जिथे पाच किंवा अधिक कामगार आहेत त्याला. आम्ही एक गाडी, एक माणूस. मालकही तोच, कामगारही तोच, क्लीनरही तोच. तो कायदा आता २०२० च्या संहितेत विरघळला आणि नव्या संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. स्वतःच स्वतःचे शोषण करणाऱ्या माणसाला कोणत्या कलमात बसवायचे, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. रमजानात सहरी चौफुल्याच्या ढाब्यावर होते आणि इफ्तार डॅशबोर्डवरच्या खजुराने. हे आम्ही सवाबासाठी सांगत नाही. उपाशी पोटी दुपारच्या उन्हात डोळा लागतो, म्हणून सांगतो.

यार्डात आमच्या शेजारीच हमाल उभा असतो. त्याचाही घाम आमच्यासारखाच. पण बाबा आढावांनी १९५५ मध्ये पुण्यात हमाल पंचायत उभी केली. लढून, मोर्चे काढून १९६९ चा माथाडी कायदा आला. हमालाच्या पाठीवरच्या पोत्याला दर मिळाला, हमालाला भविष्य निर्वाह निधी मिळाला. आम्हाला त्याचा हेवा नाही, आदर आहे. वाराईच्या पैशावरून त्याचे-आमचे खटके उडतात आणि 'ज्याचा माल त्याचा हमाल' म्हणत वाहतूकदार सरकारकडे खेटे घालतात. पण खरी गोष्ट अशी, की हमालाने आपल्या पाठीची झीज मोजायला लावली. आम्ही आमच्या गाडीची आणि पाठीची झीज मोजलीच नाही, कारण आम्हाला 'मालक' म्हणवून घ्यायचे होते. पुढच्या काचेवर मोठ्या अक्षरात अम्मीची दुआ आणि खाली फायनान्स कंपनीचे स्टिकर, ही आमची मालकी!

मेल्यानंतरची गत ऐका. पाच वर्षांपूर्वीपर्यंतची नव्हे, पार पंचवीस-तीस वर्षे चाललेली. छोट्या मालवाहू गाडीचा अपघात झाला, की दाव्यात विमा कंपन्यांचा ठरलेला मुद्दा निघायचा: लायसन हलक्या वाहनाचे आहे, ट्रान्सपोर्टचा बॅज नाही, सबब कंपनी जबाबदार नाही. मग भरपाई ड्रायव्हरच्या घरावर. १९९४ च्या दुरुस्तीतल्या शब्दांचा हा घोळ. सुप्रीम कोर्टाने मुकुंद देवांगण खटल्यात २०१७ मध्ये सांगितले, की साडेसात हजार किलोच्या आतल्या वाहनाला हलक्या वाहनाचे लायसन पुरते. त्यावरही वाद उठला. शेवटी ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तेच कायम केले. हा निकाल आमच्या चौकात किती जणांना माहीत होता? आम्ही विचारले. एकालाही नाही. निकालाच्या बातम्या छापून आल्या, पण पेपर आम्ही काच पुसायला वापरतो.

हे झाले बाहेरचे. आता घरात येऊ. घरातले बोलायला जीभ जड होते, पण या अंकात नाही बोलायचे तर कुठे?

आमच्यात 'हुनर' या शब्दाला मोठा मान आहे. पोरगा सातवी-आठवीत अडखळला, की बाप मास्तरांशी बोलायला जात नाही, गॅरेजवाल्याशी बोलायला जातो. "हात का हुनर सीखेगा, भूका तो नहीं मरेगा." बारा वर्षांचे पोर काळ्या हातांनी पाना द्यायला लागते. कायद्याने चौदाच्या आत कामाला ठेवायचे नाही, पण ते मामाचेच गॅरेज असते, कोण विचारतो? आमचे एक चाचा होते. इंजिन सुरू केले, की डोळे मिटून उभे राहायचे आणि सांगायचे कुठल्या सिलिंडरचा टॅपेट बोलतो. म्हणायचे, "बेटा, गाडी बोलती हय, सुननेवाला होना." त्यांच्या हाताखाली पाच-सहा पोरे तयार झाली. शहरातले लोक अजून कौतुकाने म्हणतात, मेकॅनिक हवा तर मुसलमानच हवा. ऐकून आमची छाती फुगते. ही छाती फुगणेच आम्हाला नडले.

१ एप्रिल २०२० पासून बीएस सहाच्या गाड्या आल्या. त्यांच्यात गाडी बोलत नाही. एक पिवळा दिवा लागतो आणि तो काय म्हणतो ते स्कॅनर लावल्याशिवाय कळत नाही. सेन्सर, सायलेन्सरमधली जाळी, काही गाड्यांना वरून युरिया. चाचांच्या शिष्यांनी बोनेट उघडले, पाहिले आणि बंद केले. आता तीच गाडी टोचण लावून कंपनीच्या वर्कशॉपला जाते. तिथे दिवा विझवायचे पैसे वेगळे आणि खोळंबलेल्या दोन दिवसांची भाडी वेगळी. हुनर तोच, हात तेच, पण त्या हातांना वाचता येत नाही. ज्या पोराला आपण आठवीतून काढले त्याला आपण या नव्या गाडीपुढे आंधळे करून सोडले. आयटीआयमध्ये डिझेल मेकॅनिकचा वर्ग भरतो, इलेक्ट्रॉनिक्स शिकवतात. तिथे आमची पोरे किती? आणि वडिलांना त्याचे किती सोयरसुतक? आम्ही आमच्याच दोघा भावांना गॅरेजात घातले, तेव्हा आम्हाला ती बचत वाटली होती. त्यांची झीजही आम्ही धरली नाही.

सच्चर समितीचा अहवाल नोव्हेंबर २००६ मध्ये आला. त्यात आहे, की कामकरी मुसलमानांपैकी एकसष्ट टक्के स्वतःच्या हिमतीवर, स्वयंरोजगारावर जगतात. हिंदूंमध्ये हे प्रमाण पंचावन्न टक्के. आमच्या पुढाऱ्यांनी हा आकडा व्यासपीठावर स्वाभिमानाचा म्हणून वाजवला. बँका मुसलमानांना कर्ज द्यायला हात आखडता घेतात, हेही त्याच अहवालात होते. ते कोणी वाजवले नाही. बँक उभी करत नाही म्हणून आम्ही जास्त व्याजाच्या फायनान्सकडे जातो. जुम्म्याच्या बयानात सूद हराम असल्याचे ऐकून मान डोलावतो आणि दहा तारखेला हप्ता भरतो. मौलानासाहेबांनाही ते ठाऊक असते, कारण मदरशाचे तांदूळ आमच्याच गाडीतून येतात. हराम आहे हे सांगणे सोपे. चार गाड्यांना बिनव्याजी टायर घेऊन देणारी एखादी पतपेढी जमातीने काढावी, हे कठीण. विमा जायज की नाजायज यावर रात्र-रात्र खल होतो. २०१८ मध्ये मालक-चालकाला पंधरा लाखांचा अपघात विमा ठरला, हप्ता वर्षाला साडेसातशे. आमच्यातल्या एका घरी ती पावती नव्हती. तिथे मय्यतीला सगळे आले. चाळीसाव्यालाही आले. गाडी मात्र फायनान्सवाले घेऊन गेले.

भीतीचाही खर्च असतो, तो कोणत्या रकान्यात घालायचा? २०१५ मध्ये गोवंश हत्याबंदीचा कायदा आला. कायदा झाला, तो मोडणाऱ्याला सजा व्हावी, आमचे काही म्हणणे नाही. पण तेव्हापासून हौद्यात शेळ्या असल्या तरी कोणीही गाडीसमोर दुचाकी आडवी घालतो आणि आधी माल नाही, नाव विचारतो. शेतकऱ्याची आजारी गाय दवाखान्यात न्यायची असेल तर आम्ही आता हात जोडतो. शेतकऱ्याचेही नुकसान, आमचेही. आमच्यातल्या काहींनी काचेवरचा ७८६ ब्लेडने खरवडून काढला. नव्या न्याय संहितेतल्या अपघात करून पळून जाणाऱ्याला दहा वर्षे, या कलमाविरुद्ध जानेवारी २०२४ मध्ये देशभर ड्रायव्हरांनी गाड्या उभ्या केल्या आणि सरकारने ते १०६(२) कलम थांबवून ठेवले. तेव्हा लोक विचारत होते, ड्रायव्हर पळतोच का? पळू नये, जखमीला उचलावे, हे आम्हालाही कळते. पण जमावापुढे थांबायचे आणि जमावाने खिशातले लायसन काढून नाव वाचायचे, यात काय असते ते एकदा आमच्या शेजारी केबिनमध्ये बसून बघा.

जाता जाता दोन शब्द आमच्या लेखकांनाही. १९९० मध्ये सोलापूरला मुस्लिम मराठी साहित्याचे पहिले संमेलन भरले. तेव्हापासून किती संमेलने झाली, किती विशेषांक निघाले. खुर्च्या, मांडव आणि पुस्तकांचे खोके कोणाच्या तरी टेम्पोतूनच आले असतील ना? पण आमच्या कथा-कवितांत टेम्पोवाला शोधा. तलाक सापडेल, दंगल सापडेल, अस्मिता पानोपानी सापडेल. टेम्पोवाला सापडला तर तो रहीमचाचा असतो. दंगलीत शेजारणीच्या लेकीला गाडीत लपवून सुखरूप पोचवतो आणि शेवटच्या परिच्छेदात मरतो. त्याच्या गाडीला लायनर होते का, हप्ता थकला होता का, हे विचारायचे कोणाला सुचत नाही. रहीमचाचाला चांगुलपणाचे ओझे तेवढे दिले, त्याचेही भाडे दिले नाही. हा टोमणा आम्ही स्वतःलाही मारून घेतो, कारण लिहिणाऱ्यांत आम्हीही आहोत.

तर आमचे मागणे असे. भाडे ठरवताना डिझेल वेगळे लिहा, झीज वेगळी लिहा, माणूस वेगळा लिहा. शेतकऱ्याला ते परवडत नसेल तर बाजार समितीच्या दारात त्याने आणि आम्ही मिळून बसू, आम्ही एकमेकांच्या अंगावर जाणार नाही. आमच्यातल्या चुलत-मावस भावांनी 'दुसरी गाडी' होणे थांबवावे. वडिलांनी पोराच्या हातात पाना देण्याआधी त्याची दहावी होऊ द्यावी.

नुसते लिहून थांबलो नाही. गेल्या चतुर्थीच्या आधी आम्ही चौघांनी एक पुठ्ठा घेतला आणि मार्करने दर लिहून गाडीच्या फाळक्याला टांगला. डिझेल ७४०. टायर ५०. विमा ८०. दुरुस्ती १००. हप्ता ५४०. ड्रायव्हर ८००. एकूण २,३१०. नारळाचे व्यापारी शेट आले. चांगला माणूस, ईदेला घरी येऊन शीरखुर्मा खाणारा. त्यांनी चष्मा वर करून पाटी सावकाश, एकेक ओळ वाचली. डिझेलला मान हलवली. टायरला हलवली. विम्याला "बाप रे" म्हणाले. हप्त्याला गप्प राहिले. शेवटच्या ओळीवर बोट ठेवून त्यांनी अगदी मनापासून विचारले, "भाई, हे ड्रायव्हरचे आठशे कशाला? ड्रायव्हर तर तूच आहेस ना!"